पीकोरीच्या पैशाचा माग काढताना

पीकोरी ही अमेरिकी संस्था रुग्णकेंद्री संशोधनाला पैसा देते. तो कुठवर पोहोचला हे पाहायचं असेल, तर एक्सेलमध्ये दर प्रकल्पाला एकच ओळ ठेवा आणि ती नावाने नव्हे, एनसीटी क्रमांकाने ओळखा (क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकी नोंदणी-संकेतस्थळावर अभ्यासाला मिळणारा क्रमांक). शीर्षकं मध्येच बदलतात; एनसीटीपुढचे ८ आकडे बदलत नाहीत. निरीक्षणात्मक अभ्यासाला (ज्यात उपचार नेमून देत नाहीत, नुसतं निरीक्षण करतात) हा क्रमांक नसेल, तर पीकोरीचा करार क्रमांक घाला. मंजूर रक्कम म्हणजे झालेला खर्च नव्हे, दोन्ही एकाच रकान्यात कोंबू नका.

क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर नोंदीच्या जुन्या आवृत्त्या उघडा. रुग्णसंख्येचं लक्ष्य, मुख्यतः काय मोजायचं ते, समाप्तीची तारीख यांत कधी काय फिरवलं ते तिथेच कळतं. नवखे नेमकं हेच सोडतात.

उदाहरणार्थ, पीकोरीच्या पैशातून झालेली ॲडॅप्टेबल ही चाचणी घ्या. हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या १५,०७६ रुग्णांत ॲस्पिरिनचे ८१ आणि ३२५ मिलिग्रॅम डोस ताडून पाहिले; निकाल २०२१ साली आला, लक्षणीय फरक नाही. पण ३२५ च्या गटातल्या ४१.६ टक्के लोकांनी डोस बदलला, दुसऱ्या गटात फक्त ७.१ टक्क्यांनी. नुसतं 'फरक नाही' लिहिलंत तर नोंद अर्धवट राहते. डोसबदलाला वेगळा रकाना हवाच.

पेपरांची संख्या म्हणजे प्रभाव नव्हे (अहवालांत मात्र तीच ठळक टायपात असते). उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत पेपर नुसता संदर्भयादीत आहे की त्यामुळे शिफारस बदलली, हे मूळ शिफारस वाचूनच ठरवा. तिमाहीतून एकदा तपासलंत तरी पुरे.