नातवाची मातृभाषा कुणाला विचारायची?

प्रश्न : गुरुजी, आमची सून बैलहोंगलची, माहेर कन्नड. मुलगा म्हणतो, जनगणनेवाले आले की सगळ्यांची मराठीच सांग, आपला आकडा दिसला पाहिजे. आमचे हे म्हणतात, सांगून काय उपयोग? मी काय सांगू?
– एक आजी, खानापूर तालुका (बेळगाव जिल्हा, कर्नाटक)

उत्तर : अक्का, आधी यजमानांचं. एखाद्या भागात १५ टक्के लोक दुसऱ्या भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात ठरलेलं आहे. मराठी कागदासाठी आपण मोर्चे काढत आलो, पण हा टक्का काढायचा तर जनगणनाच उघडावी लागते. 'आमच्या गल्लीत सगळे मराठीच बोलतात' याला तिथं कोण विचारतो? (कागद खरंच मिळतो का, ते रडगाणं वेगळं.)

मुलाचं मात्र ऐकू नका. २००१ ला मी प्रगणक होतो. एका घरी सोप्यावर बसलेल्या आजोबांनी फर्मावलं, "मास्तर, समद्यांची मराठीच ल्या." दाराआडून सून हळूच कानडीत म्हणाली, "नंदु कन्नड री." (माझी कन्नड हो.) मी ऐकलं. आजोबांकडे बघितलं आणि मराठी लिहून मोकळा झालो. चहा तिनंच आणून दिला. आपली मराठी कुणी परस्पर कानडी लिहिली तर आपण तालुका डोक्यावर घेतो, आणि मी तरी काय वेगळं केलं?

जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी बोलायची ती भाषा. शाळा कुठली, घर कुणाचं, याचा संबंध नाही. तेव्हा सुनेची कन्नड. नातवाचं मी इथून सांगू शकत नाही. ती त्याला कुठल्या भाषेत जेवायला बोलावते, ते तिलाच विचारा. कन्नड असेल तर कन्नडच सांगा. २०११ च्या फॉर्मात मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांची जागा होती, तिथं त्याची मराठी बसते. तुमची आणि यजमानांची मराठी मात्र कुणी 'लिहून घेतो' म्हणून सोडू नका. काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगा.

आणि घरं मोजायला येतील तेव्हा भाषा विचारली नाही म्हणून भांडू नका. मागच्या खेपेला तो प्रश्न माणसं मोजायच्या दुसऱ्या फेरीत होता. तेव्हा सुनेला बाहेर सोप्यावर बसवा.