हरभऱ्याचं उत्पन्न वाढवणारं जीन दुकानात कधी मिळणार?

प्रश्न : आमचं काळं रान आहे, रब्बीला दरवर्षी अण्णिगेरी वाणाचा हरभरा असतो. पोरगा मोबाईलवर बघून सांगतोय की उत्पन्न वाढवणारं जीन सापडलंय. मग ते बियाणं का मिळत नाही? आणि हे बीटी कापसासारखंच काय ओ?
— एक वाचक, अथणी

उत्तर : पोराचं अर्धं बरोबर आहे. जीन म्हणजे झाडाचा गुण ठरवणारा डीएनएचा तुकडा. हरभऱ्याचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, 2013 सालीच वाचून झालाय, 8 जोड्या क्रोमोसोम (जीन ज्यावर बसलेली असतात ते धागे) आणि साधारण 28 हजार जीन, पण त्यात 'उत्पन्नाचं' म्हणून एकच जीन नाहीच हो. उत्पन्न म्हणजे झाडाला घाटे किती, घाट्यात दाणे किती आणि शंभर दाण्यांचं वजन किती याचा हिशोब, आणि या तिघांचं आपसात जमत नाही, दाणा टपोरा झाला की बऱ्याचदा घाटे कमी लागतात, म्हणजे एक वाढवायला गेलं की दुसरं घसरतं.

शोधतात कसं तर दोन वेगळ्या वाणांचा क्रॉस, म्हणजे संकर, करायचा, पुढं पाच-सहा पिढ्या एकेका झाडाचं बी वेगळं ठेवत शे-दोनशे ओळी तयार करायच्या, मग त्या पेरून घाटे मोजायचे, दाणे तोलायचे आणि प्रत्येक ओळीचा डीएनए तपासायचा. जड दाण्याच्या ओळींत क्रोमोसोमचा कुठला तुकडा सारखा येतो ते बघायचं. यात गल्ली सापडते, घर नंबर नाही, म्हणजे तुकडा कळतो, नेमकं जीन नाही. आयसीसी 4958 या वाणात चौथ्या क्रोमोसोमवर असाच तुकडा सापडला, मुळं आणि दाण्याचं वजन दोन्हीशी संबंधित. वजनाचं बरं असतं, रान बदललं तरी ते फारसं हलत नाही, घाट्यांची संख्या मात्र पाऊस आणि ओलीवर नाचते, म्हणून एका गावात मोजलेलं दुसरीकडं लागू पडेलच असं नाही.

दुकानात काहीच नाही असंही नाही. तुमच्याच अण्णिगेरीत डब्ल्यूआर 315 या वाणातली मर रोगाला (झाड वाळवणारा रोग) तोंड द्यायची ताकद क्रॉस करून आणली, मार्कर (हवा तो तुकडा आलाय का हे दाखवणारी डीएनएमधली खूण) बघत बघत, आणि 2019 ला 'सुपर अण्णिगेरी 1' आलं. रायचूर कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट (हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था) यांचं काम. बीटीशी याचा संबंध नाही, बीटी कापसात बाहेरचं, जिवाणूचं जीन घातलेलं असतं, इथं हरभऱ्यातलंच हरभऱ्यात. मर लागून झाडं वाळत असतील तर माझ्या मते आधी हेच बघा, कारण वाळलेल्या झाडाला घाटे कुठले? हरभरा स्वपरागी आहे, म्हणजे फुलात स्वतःच्याच परागानं बी धरतं, त्यामुळं एकदा चांगलं बी आणलं की पुढच्या वर्षाला घरचं ठेवता येतं, फक्त दुसऱ्या वाणात मिसळू देऊ नका.