वायूच्या भुलीमुळे कर्करोगाच्या पेशी पसरतात का?

आपला प्रश्न असा आहे की आईच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ठरली आहे, वायूची भूल दिल्यास पेशी पसरतात आणि शिरेतून दिल्यास पसरत नाहीत असे आपल्या वाचनात आले आहे, तर शिरेतल्या भुलीचा आग्रह धरावा का?

आग्रह धरू नका. उत्तर एवढेच आहे. पुढचे लिहितो आहे ते याच प्रश्नावरून आमच्या घरात मामा-भाच्यांचे बोलणे बंद झाले म्हणून.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू, निपाणीत घरी बसून विड्या वळत असे. 2016 च्या ऑक्टोबरात तिची शस्त्रक्रिया झाली. निपाणीहून कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब, परंतु रेशनकार्ड कर्नाटकाचे असल्यामुळे योजनेतून उपचार हवे असतील तर बेळगावलाच जाणे भाग होते. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई खाटेपाशी आल्या. संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीत होते आणि अक्काला दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या. बाईंची मातृभाषा कन्नड, तरीही निम्म्या मराठीत आणि निम्म्या कन्नडात त्यांनी अर्धा तास खर्चून सगळे समजावले: पूर्ण भूल द्यावी लागेल, घशात नळी घालावी लागेल, छातीच्या मागच्या बाजूस मणक्याजवळ इंजेक्शन देऊन भाग बधिर करण्याची सोय त्या वेळी तेथे नव्हती. अक्काने मराठीत सही केली आणि नातेवाईक म्हणून खाली मी केली. ही माझी सही पुढे तीन वर्षांनी खटल्यातल्या पुराव्यासारखी माझ्यापुढे ठेवण्यात आली.

2019 मध्ये रोग मणक्यात पुन्हा दिसला. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा, अक्काचा एकुलता मुलगा, छापील कागदांची चळत घेऊन आला आणि म्हणाला, ''मामा, सही तुम्ही केलीत. आईला स्वस्तातला गॅस दिला.'' कागद खरेच होते. एक 2006 चा होता, ज्यात स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मणक्याजवळ बधिरीकरण केलेल्या स्त्रियांमध्ये रोग कमी परतल्याचे दिसले होते, पण त्यात एकूण 129 रुग्णच होते. दुसरा लंडनच्या एका कर्करोग रुग्णालयातला, 2016 चा, सात हजारांवर रुग्णांच्या जुन्या नोंदींचा. त्यात वायूची भूल मिळालेल्यांमध्ये मृत्यू अधिक आढळले होते.

यामागची कल्पना भंपक नाही, हे मान्य केले पाहिजे. शस्त्रक्रियेत गाठीला हात लागतो तेव्हा काही पेशी सुटून रक्तात आणि लसिकावाहिन्यांत शिरतात. एरवी शरीरातल्या नैसर्गिक मारक पेशी त्यांचा निकाल लावतात. मात्र नेमक्या त्याच तासांत वेदना, ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल, अंग गार पडणे यांमुळे त्या मारक पेशी मंदावतात. प्रयोगशाळेतल्या बशीत सेव्होफ्लुरेनसारख्या वायूंमुळे कमी प्राणवायूतही तग धरायला मदत करणारे एक प्रथिन कर्कपेशींमध्ये वाढल्याचे दिसते आणि शिरेतल्या प्रोपोफॉलमुळे ते घटल्याचे दिसते. भाग बधिर केला तर वेदनेचा ताण आणि मॉर्फिनच्या जातीची औषधे दोन्ही कमी लागतात. मी तीस वर्षे मराठी शाळेत विज्ञान शिकवले आहे आणि एवढा तर्क मला पटतो. परंतु बशीतल्या पेशी म्हणजे आई नव्हे, आणि जुन्या नोंदींमध्ये कोणाला कोणती भूल द्यायची हे भूलतज्ज्ञाने रुग्ण पाहून ठरवलेले असते, चिठ्ठ्या टाकून नव्हे.

चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास 2019 मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि 2006 च्या निबंधाचे काही लेखक त्यातही होते. आठ देश, तेरा रुग्णालये, स्तनाच्या कर्करोगाच्या दोन हजारांवर स्त्रिया. एका गटाला मणक्याजवळ बधिरीकरण आणि प्रोपोफॉल, दुसऱ्याला सेव्होफ्लुरेन आणि मॉर्फिनच्या जातीची औषधे. रोग परतला तो पहिल्या गटात 1043 पैकी 102 जणींमध्ये आणि दुसऱ्यात 1065 पैकी 111 जणींमध्ये, म्हणजे दोन्हीकडे शेकडा दहाच. पुढे 2023 मध्ये स्वीडन आणि चीनमधला सतराशेंवर स्त्रियांचा अभ्यास आला, ज्यात थेट आपलाच प्रश्न होता, प्रोपोफॉल की सेव्होफ्लुरेन. पाच वर्षांनंतर जगण्यात फरक आढळला नाही.

भाच्याने हे वाचले नाही. त्याने घरातला कागदही पाहिला नाही. अक्काच्या फायलीत भुलीची नोंद होती: सुरुवात प्रोपोफॉलने, जोडीला मॉर्फिनच्याच जातीचे फेंटॅनिल, आणि मग सेव्होफ्लुरेन. म्हणजे ज्या औषधाच्या नावाने तो भांडत होता ते तिला मिळाले होतेच, कारण बहुतेक ठिकाणी झोपवतात शिरेतल्या औषधाने आणि झोप टिकवतात वायूने. प्रोपोफॉल तेलात कालवलेले असल्यामुळे दुधासारखे पांढरे दिसते. अक्का पुढे कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, ''शिरंत दूध सोडतायसा व्हय, असं मी इचारलं, आनि म्होरचं काय बी आठवंना.''

एक गोष्ट मात्र भाच्याच्या बाजूने सांगितली पाहिजे आणि ती सांगायला मला जड जाते. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतात झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे सोळाशे स्त्रियांपैकी निम्म्यांना छेद घेण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या सभोवती लिग्नोकेन हे भाग बधिर करणारे औषध टोचले, तेच जे दाताचे डॉक्टर हिरडीत टोचतात. पाच वर्षांनी शंभरातल्या 90 जणी हयात होत्या, न टोचलेल्यांपैकी 86. हा अभ्यास आधी केमोथेरपी न घेता थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या, लवकर सापडलेल्या रोगाचा आहे, आणि कोणाला औषध टोचले ते डॉक्टरांना माहीत होते, त्यामुळे यावरच सगळी भिस्त ठेवू नका. परंतु पूर्ण भूल कोणतीही असली तरी हे करता येते आणि खर्च नगण्य आहे, म्हणून आपल्या सर्जनना याविषयी अवश्य विचारा. 2016 साली याचा निष्कर्ष कोणाच्याच हाती नव्हता.

भूलतज्ज्ञांशी बोलाल तेव्हा औषधांची नावे सुचवण्यापेक्षा आई मिश्री लावतात का, दात हलतो का, दमा आहे का, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, हे लपवून न ठेवता सांगा. मिश्रीचे आमच्याकडच्या बायका हमखास लपवतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर काय करायचे ते आताच विचारा, आणि शस्त्रक्रियेनंतर दुखणे कसे आटोक्यात ठेवणार तेही विचारा. मी डॉक्टर नाही, आणि वर सांगितलेले सारे स्तनाच्या कर्करोगापुरते आहे. आतड्याच्या किंवा फुफ्फुसाच्या रोगाला ते जसेच्या तसे लावू नये.

भाचा हे वाचत असेल तर त्याच्यासाठी एक तारीख लिहून ठेवतो. अक्काला ती गाठ हाताला लागली होती 2015 च्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीला उटणे लावताना. हे तिने स्वतः मला सांगितले, पण शस्त्रक्रियेनंतर. तोवर काखेतल्या गाठीही सुजल्या होत्या. मधल्या अकरा महिन्यांत सूप मांडीवर घेऊन पाने कातरताना ती उजवा हात मध्येच थांबवून खांदा चोळत असे. त्या काळात भाचा दोनदा गावी येऊन गेला, आणि मी तर रोज संध्याकाळी तिच्या समोर बसून चहा घेत होतो.