टी टाइम आणि गट: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न: एलपीजीएच्या (महिलांच्या व्यावसायिक गोल्फ टूरच्या) स्पर्धांत काही खेळाडू दहाव्या होलपासून सुरुवात करतात. असं का?

अठराच्या अठरा होल्स त्याही खेळतात. दहा ते अठरा आधी आणि एक ते नऊ नंतर, एवढाच फरक. कारण समजायला थोडी आकडेमोड करू. समजा १४४ खेळाडू आहेत. तिघींचा एक गट धरला तर झाले ४८ गट. दोन गटांमध्ये ११ मिनिटांचं अंतर ठेवून सगळ्यांना पहिल्याच टीवरून (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा) सोडलं, तर शेवटचा गट पहिल्यापेक्षा साडेआठ तासांहून उशिरा निघेल, आणि त्याची फेरी संपायला आणखी पाचेक तास लागतील. एवढा उजेड वर्षभर, सगळीकडे कुठून मिळणार?

म्हणून दोन टी वापरायच्या. प्रत्येक टीवरून सकाळी १२ गट, दुपारी १२ गट. सकाळचा पहिला गट सव्वासातला निघाला, तर बारावा निघतो ९ वाजून १६ मिनिटांनी. नऊ होल्स खेळायला साधारण सव्वादोन तास लागतात. म्हणजे पहिल्या टीवरून निघालेल्या तिघी साडेनऊच्या सुमारास दहाव्या टीवर येतात, तेव्हा तिथला शेवटचा गट नुकताच पुढे गेलेला असतो. ही वेळ जुळवण्याचं काम मला फार सुंदर वाटतं. सकाळचे सगळे गट आपापल्या दुसऱ्या नऊ होल्सकडे वळेपर्यंत साडेअकरा होऊन जातात, त्यामुळे दुपारची तुकडी बाराच्या पुढेच निघू शकते. सकाळी धुक्यामुळे तासभर वाया गेला, तर संध्याकाळी अंधारामुळे खेळ अर्धवट थांबतो तो याचमुळे.

ब्रिटनमधल्या विमेन्स ओपनमध्ये मात्र सहसा सगळ्या जणी पहिल्या टीवरूनच निघतात. तिथल्या उन्हाळ्यात दिवस लांबलचक असतो, म्हणून ते जमतं.

प्रश्न: गट चिठ्ठ्या टाकून ठरतात का? नामवंत खेळाडू नेमक्या एकत्र कशा येतात?

पहिल्या दोन फेऱ्यांचे गट स्पर्धेचे अधिकारी ठरवतात, आणि ते निव्वळ चिठ्ठ्यांवर सोडलेलं नसतं. विजेतेपदं मिळवलेल्या खेळाडू बहुतेक वेळा एकमेकींसोबत असतात. थेट प्रक्षेपणाच्या वेळेत लोकप्रिय खेळाडू मैदानावर असतील, हेही पाहिलं जातं. टूरवर नव्याने आलेल्या किंवा सोमवारच्या पात्रता फेरीतून आलेल्या मुलींच्या वाट्याला बरेचदा तुकडीच्या अगदी शेवटच्या वेळा येतात. प्रायोजक आणि प्रेक्षकांशिवाय स्पर्धा चालत नाही हे मान्य, पण ही वाटणी मला खटकते. २०१५ साली ब्रुक हेंडरसन सोमवारच्या पात्रता फेरीतून पोर्टलंडच्या स्पर्धेत आली आणि आठ फटक्यांनी जिंकली. तेव्हा ती १७ वर्षांची होती. वेळापत्रकाच्या कडेला कोण उभं आहे, तेही बघत जा.

तिसऱ्या फेरीपासून पसंती-नापसंतीचा प्रश्नच उरत नाही. गुणफलक बोलतो, आघाडीवर असलेल्या सर्वांत शेवटी निघतात.

प्रश्न: टी टाइम, म्हणजे फेरी सुरू करायची ठरलेली वेळ, चुकला तर?

वेळ ९ वाजताची असेल तर ९ म्हणजे ९, नऊ वाजून दहा सेकंदही उशीरच. पाच मिनिटांच्या आत पोचलात तर दोन फटक्यांचा दंड, त्याहून उशीर झाला तर बाद. ठरलेल्या वेळेआधी चेंडू मारला तरी दंड आहेच. अगदी अपवादात्मक परिस्थितीतच समिती सूट देते.

प्रश्न: सकाळी खेळणाऱ्यांना फायदा होतो म्हणतात. हे न्याय्य आहे का?

फायदा होतो, त्यात शंका नाही. ग्रीन (खड्ड्याभोवतीचं बारीक गवत) नुकतंच कापलेलं असतं, पावलांच्या खुणा नसतात, वाराही सहसा पडलेला असतो. दुपारपर्यंत त्याच ग्रीनवरून कित्येक गट चालून गेलेले असतात. २०१९च्या नियमबदलानंतर बुटांनी ग्रीनवर झालेल्या खुणा पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारण्याआधी नीट करता येतात, ही मोठीच सोय झाली. पण वाऱ्यावर कुठला नियम चालणार?

म्हणून दुसऱ्या दिवशी अदलाबदल होते. पहिल्या दिवशी सकाळी पहिल्या टीवरून गेलेली खेळाडू दुसऱ्या दिवशी दुपारी दहाव्या टीवरून निघते. कागदावर हिशेब बरोबर जुळतो. मात्र गुरुवारी दुपारी सुटलेला वारा शुक्रवारी सकाळीही तसाच राहिला, तर एकाच अर्ध्या तुकडीला दोन्हीदा झोडपून काढतो. यूएस विमेन्स ओपनमध्ये पहिल्या ६० आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेल्या खेळाडूच दोन फेऱ्यांनंतर पुढे जातात, यालाच कट म्हणतात. तिथे एका फटक्याने कट हुकलेल्या मुलीला या दोन दिवसांची भरपाई कुणीच देऊ शकत नाही. यावर उपाय मला तरी दिसत नाही.

प्रश्न: गोल्फमध्ये प्रत्येकीचा चेंडू वेगळा. मग सोबत कोण आहे याने काय फरक पडतो?

खूप पडतो. एक तर तुमचं अधिकृत स्कोअरकार्ड गटातली दुसरी खेळाडू लिहीत असते. शेवटी दोघी आकडे पडताळून सह्या करतात. जिला हरवायचं तीच तुमची साक्षीदार!

दुसरं म्हणजे गती. एक जण रेंगाळली आणि गट मागे पडला, की पंच सगळ्या गटालाच घड्याळ लावतात. एलपीजीएने २०२५ मध्ये नियम कडक केले. फटक्यासाठी ठरलेल्या वेळेपेक्षा ५ सेकंदांपर्यंत जास्त लागले तर आर्थिक दंड, ६ ते १५ सेकंदांना एक फटका, १६ किंवा अधिक झाले तर दोन. स्वतः भराभर खेळणारी मुलगीही अशा वेळी दडपणाखाली येते.

आणि तिसरं, अंतर. टोकियो ऑलिम्पिकची शेवटची फेरी आठवा, ऑगस्ट २०२१. अदिती अशोक शेवटच्या गटात, सोबत नेली कोर्डा आणि लिडिया को. अदितीचा ड्राइव्ह (टीवरून मारलेला लांब फटका) आखूड, कोर्डाचा लांब. गोल्फच्या रिवाजाप्रमाणे होलपासून जी लांब ती आधी खेळते. म्हणजे होलमागून होल अदितीने आधी लांब पल्ल्याची क्लब काढायची, आणि मग कोर्डाला तिच्याहून छोट्या आयर्नने (कमी पल्ल्याच्या क्लबने) ग्रीनवर चेंडू टाकताना बघायचं. त्या दडपणात पटिंगच्या जोरावर ती टिकून राहिली आणि एका फटक्याने पदक हुकून चौथी आली. मला ती फेरी आजही अस्वस्थ करते, आणि अभिमानही वाटतो.

प्रश्न: सोल्हाइम कपमध्ये (अमेरिका आणि युरोपच्या महिला संघांची स्पर्धा) जोड्या कोण ठरवतं?

तिथे कर्णधार. प्रत्येक संघात १२ खेळाडू, पण जोड्यांच्या एका सत्रात चार सामने, म्हणजे आठच जणी खेळतात आणि चौघी बाहेर बसतात. दोन्ही कर्णधार एकमेकींची यादी न बघता आपापला क्रम देतात. फोरसम्स या प्रकारात जोडीला एकच चेंडू आळीपाळीने मारायचा असतो. एकीने विषम क्रमांकाच्या होल्सवर टी शॉट घ्यायचा, दुसरीने सम. त्यामुळे अवघड पार-३ (तीन फटक्यांत पुरे करणं अपेक्षित असलेले) होल्स कुठल्या क्रमांकांवर आहेत, ते पाहून कोणी कुठले टी शॉट घ्यायचे हे ठरवतात. शेवटच्या दिवशी मात्र १२ एकेरी सामने असतात, त्यात बाराही जणी उतरतात.