तेल गळतंय म्हणून लगेच इंजिन उतरवू नकोस
भावा, नवीन बांधलेलं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) पहिल्याच आठवड्यात तेल सोडायला लागलं की जीव कासावीस होतो. आधी इंजिन धुऊन कोरडं कर, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर मार आणि दहा मिनिटं चालव. ओली रेघ सर्वांत वर कुठे सुरू होते ते बघ. तेल ओघळतं, वाऱ्याने मागे जातं. ठिपका पडतो तिथेच दोष असतो असं नाही.

टर्बोचा तेल परतीचा पाइप मात्र नीट तपास. त्यातलं तेल नुसत्या उतारावर वाहतं. पाइप वाकला किंवा त्याच्या तोंडाशी सांधा बंद करायला लावलेलं सिलिकॉन आत आलं, की तेल तुंबून सीलमधून बाहेर पडतं. ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका गॅरेजात मी दोनदा टर्बो उघडायला लावला. शेवटी पाइप काढला तर आत करंगळीच्या पेराएवढा लाल सिलिकॉनचा गोळा! ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी, तुंबला तरी हेच होतं.

आता तापण्याचं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि गाडी पळाली की उतरतो, तर पंखा बघ. गायमुखच्या चढावर चढतो, तर रेडिएटर, वॉटर पंप, टायमिंग (इंधन पेटण्याची वेळ) बघ. नव्या कामात कूलंटमध्ये हवा अडकलेली असणं फार कॉमन. गाडीचं नाक उंच ठेवून, हीटर पूर्ण चालू करून ती हवा काढ. पण थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय घे आणि गाडी टो करूनच ने.