पिझ्झा-पास्ता खायला जायचंय, पण घरात शुगर आणि बीपी आहे

प्रश्न : मॅडम, मुलाचा वाढदिवस येतोय आणि त्याला ते चेनवालं इटालियन रेस्टॉरंटच पाहिजे. पण मिस्टरांना शुगर आहे, गोळी चालू आहे, सासूबाईंना बीपी. मिस्टर म्हणतात त्या दिवशी दुपारी जेवतच नाही, म्हणजे रात्री बिनधास्त खाता येईल. असं चालतं का? आणि तिथं आम्ही मागवायचं तरी काय?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : ताई, आधी ते दुपारी न जेवण्याचं डोक्यातून काढून टाका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण चुकलं तर शुगर एकदम खाली येऊ शकते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. आणि तसं काही नाही झालं तरी दिवसभर उपाशी राहिलेला माणूस टेबलावर बसला की मेन ऑर्डर यायच्या आत गार्लिक ब्रेडच संपवतो, त्यात मैदा आणि बटर सोडून फारसं काही नसतं. दुपारी नेहमीसारखी भाकरी, भाजी, वरण खाऊ द्या. गोळीच्या वेळेत काही बदल करायचा असेल तर तो डॉक्टरांना विचारूनच.

आता पास्ता. त्याला उगाच घाबरतात लोक. चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो आणि थोडा कडक राहील असा शिजवला तर पांढऱ्या ब्रेडपेक्षा शुगर हळू वाढवतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा गिचका करून ठेवतात, म्हणून ऑर्डर देतानाच सांगा, जास्त शिजवू नका. खरा घोळ सॉसमध्ये आहे. व्हाइट सॉस म्हणजे बटर, मैदा, दूध आणि वरून चीज, अल्फ्रेडोत तर क्रीमपण, आणि पिंक सॉस म्हणजे टोमॅटोच्या रेड सॉसमध्ये तेच क्रीम नाहीतर व्हाइट सॉस मिसळलेला. त्यापेक्षा अराबियाता घ्या, म्हणजे टोमॅटो, लसूण आणि लाल मिरचीचा सॉस; शेंगा चटणी खाणाऱ्या सोलापूरकराला तसंही तेच आवडणार. त्यात भाज्या आणि चिकन किंवा पनीर घालायला सांगा आणि एक प्लेट दोघांत घ्या.

पिझ्झा पोराचा आहे, तो येऊ द्या की! फक्त थिन क्रस्ट, भाज्या जास्त, आत चीज भरलेला चीज बर्स्ट नको. मिस्टरांनी आधी सॅलड खायचं, मग दोन तुकडे, तिथंच थांबायचं. सॅलडपण बघून घ्या हं, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये भरपूर तेल असतं, वर चीज आणि तळलेले नाहीतर भाजलेले ब्रेडचे तुकडे. ड्रेसिंग वेगळं वाटीत मागा.

सासूबाईंचा प्रश्न मिठाचा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ, आणि चीज, ऑलिव्ह, सॉसेज, सलामी, सूप सगळ्यात ते आधीच पडलेलं असतं. बऱ्याच चेनमध्ये सूप-सॉस तयारच येतात त्यामुळे मीठ कमी टाका म्हणून उपयोग नाही. त्यांच्यासाठी ऑलिव्ह ऑइल-लसणातला, समोर परतून देतात तो पास्ता मागवा, मीठ आणि चीज कमी सांगून. ओरेगॅनोच्या पुड्या त्यांच्यापासून लांबच ठेवा, बऱ्याच पुड्यांत मीठ असतं.

आणखी एक, मेनूकार्ड नीट वाचा. 10 किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थापुढे कॅलरी छापायच्या असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 2020 चा नियम आहे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 2,000 लागतात तेही तिथं लिहिलेलं असतं. तो आकडा एका सर्व्हिंगचा आहे का अख्ख्या पिझ्झ्याचा, ते मात्र वेटरला विचारा, इथंच लोक फसतात.

कोल्ड्रिंकचं मी स्पष्टच सांगते, मिस्टरांना नकोच. 330 मिलीच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे सात चमचे. कॉम्बोमध्ये फुकट मिळतंय म्हणून घेतलं जातं, त्याऐवजी बिनसाखरेचा फ्रेश लाइम सोडा सांगा, सासूबाईंच्या ग्लासात मीठपण नको. केक घरी कापणार असाल तर तिथलं डेझर्ट मागवूच नका.