वाचक विचारतात : शेजारी सामोअन, नातू मराठी

प्रश्न : सहा वर्षांचा नातू ऑकलंडला वाढतोय. शेजारचं सामोअन, म्हणजे मूळ पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचं, कुटुंब दोन पिढ्यांपासून तिथलंच, तरी त्यांची मुलं आजीशी घडाघडा सामोअन बोलतात. आमची गाडी फोनवर 'हाय आजी'च्या पुढे सरकत नाही. त्यांना हे जमतं कसं?
– एक आजी, कोथरूड

उत्तर : सगळ्यांना जमतं असं नाही. न्यूझीलंडच्या २०१८च्या जनगणनेत एक लाख ८२ हजारांवर लोकांनी स्वतःला सामोअन म्हटलं. त्यांतले ही भाषा बोलणारे निम्म्याच्या आसपास. जिथे ती टिकते, तिथे बहुधा घराला बाहेरचा टेकू असतो. 'आओगा आमाता' म्हणजे सामोअन माध्यमाची बालवाडी, हा एक. दुसरा तुमच्या जास्त कामाचा : ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये होणारा 'लोतू तामाइती', मुलांचा दिवस. मुलांना तोंडपाठ म्हणायचा उतारा, 'ताउलोतो', काही आठवडे आधीच मिळतो. लहानग्याला एखादी ओळ, थोरल्याला लांबलचक. पांढऱ्या कपड्यांत सगळ्यांसमोर उभं राहून तो म्हणायचा. एरवी मोठ्यांच्या मागून जेवणारी पोरं त्या दिवशी पहिल्या पंगतीला, आणि वाढायला मोठी माणसं!

तुम्हाला गणपती आहेतच. दीड महिना आधी चार ओळी निवडा, आरतीपेक्षा साधं बडबडगीत बरं. एका ध्वनिफितीत एकच ओळ म्हणा, तेवढ्याच वेळाची शांतता सोडा, मग तीच ओळ पुन्हा. अख्खं गाणं एकदम पाठवलं की मूल नुसतं ऐकतं, म्हणत नाही. अर्थ आधी सांगा. मध्येच चूक काढू नका. त्याची ओळ संपली की आपण नीट म्हणून दाखवायची, बस. पुण्यात सकाळी साडेदहाला फोन केलात तर तिथे संध्याकाळचे पाच. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथलं घड्याळ तासभर पुढे असतं, तेव्हा साडेनऊला करा.

ओळी देवनागरीतच लिहून पाठवा. सामोअन रोमन लिपीत लिहितात, पण 'माई' आणि घसा क्षणभर अडवून म्हटलेला 'मा'ई' यांत फरक आहे : पहिला 'कडून', दुसरा 'आजारी'. ही अडवणूक आणि दीर्घ स्वर दाखवणारी चिन्हं १९६०च्या दशकात शाळांतून गेली होती, ती सामोआच्या शिक्षण खात्याने २०१२मध्ये परत आणली. आपल्या रोमन मराठीतही मला, माळा, मळा आणि माला एकाच साच्यात जातात. नातवाने कुठला वाचायचा?

एक जपा. शेजारच्या आजींनी वंशावळ, म्हणजे 'गाफा', सांगितली तर न विचारता ध्वनिमुद्रण करू नका. आपल्याकडे कुलवृत्तांत छापून विकतात. गाफा ही त्या घराची ठेव, तिच्यावर कुळातल्या मानाच्या पदव्यांचे आणि जमिनीचे हक्क उभे असतात.

प्रश्न : लेकीने सामोअन सियापोचं (झाडाच्या सालीचं) कापड आणलं, हॉलच्या भिंतीला लावलं. पावसाळ्यात कडा फुगल्या, बारीक भोकं पडली. धुवावं का?
– एक वाचक, बावधन

उत्तर : अजिबात नको. हे विणलेलं कापड नाही. कागदी तुतीची आतली साल कुटून पसरवतात आणि थर व ठिगळं आरारूटसारख्या कंदाच्या खळीने चिकटवतात. ओल लागली की खळ सुटते आणि तिच्या वासावर कसर नि झुरळं येतात.

भिंतीवरून आधी उतरवा. सावलीत, पंख्याखाली दोन दिवस सपाट पसरा, मऊ ब्रशने हलकी धूळ काढा. मग नळीवर सैल गुंडाळा. घडी घातली तर तिथेच साल चिरते. नक्षी बाहेरच्या बाजूला, मध्ये खळ न लावलेलं धुतलेलं मलमल. आता जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याने कीड मरत नाही. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव थेट कापडावर बसेल.

पुन्हा लावायचं तर पावसाचा मारा न बसणाऱ्या आतल्या भिंतीवर, उन्हापासून लांब, काचेला न टेकणाऱ्या चौकटीत. आणि लेकीला विचारून मागे चिठ्ठी लावा : कुणी केलं, कुठल्या गावचं, नक्षी कोरीव फळीवर घासून उमटवलेली ('तासिना') की हाताने काढलेली ('मामानू').